मुद्दल जपणारा माणूस

निवृत्तीनंतर काय करायचं, या प्रश्नाने आम्हा बँकवाल्यांची शेवटची दोन वर्षं तरी झोप उडवलेली असते. कुणी चारधामचे बेत आखतो, कुणी गच्चीवर गुलाब लावतो. डीट्रिख ब्रांडिस १८८३ साली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, हिंदुस्थानच्या वनखात्याच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झाले. पुढे त्यांनी काय केलं? दुसऱ्यांच्या पोरांना बरोबर घेऊन ते जंगलं हिंडू लागले.

ब्रांडिस यांचा जन्म १८२४ सालचा, जर्मनीतल्या बॉन शहरातला. पेशा वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाचा. पत्नी सेरामपूरचे मिशनरी मार्शमन यांची कन्या. या नात्यागोत्यातून त्यांचं नाव लॉर्ड डलहौसींपर्यंत पोहोचलं आणि १८५६ साली ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवानी जंगलांची जबाबदारी त्यांच्यावर आली. जहाजांसाठी सागवान हवं होतं. व्यापाऱ्यांच्या कुऱ्हाडी धडाक्याने चालू होत्या. रानात झाडं किती उरली आहेत, याचा मात्र पत्ता कुणालाच नव्हता.

ब्रांडिस हत्तीवर बसून निघाले. हातात बांबूच्या कांबी. झाडाच्या घेराचा जसा गट, तशी त्याची कांब. वाटेच्या दोन्ही बाजूंना सागाचं झाड दिसलं, की त्या गटाच्या कांबीवर चाकूने एक खाच. पावसात कागद भिजेल, खाच कशी भिजणार? संध्याकाळी मुक्कामावर त्या खाचा मोजायच्या आणि त्यावरून साऱ्या रानाचा अंदाज बांधायचा. दरवर्षी जेवढी झाडं वाढून तोडण्याजोगी होतील, तेवढीच तोडायची, हा त्यांचा नियम. आमच्या भाषेत सांगायचं, तर व्याज खावं, मुद्दलाला हात लावू नये.

डोंगरउतारावर फिरती शेती करणाऱ्या करेन लोकांनाही त्यांनी कामात सामावून घेतलं. भातासोबत सागाची रोपं लावायची. पीक काढून शेतकरी पुढे सरकला, की मागे सागाचं रान उभं. ‘टाँग्या’ नावाने ही पद्धत पुढे जगभर गेली.

१८६४ साली ते हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले. खातं स्थापन झालं, पण खात्यात माणसं कुठे होती? त्यांनी श्लिख आणि रिबेनट्रॉप हे दोन तरुण जर्मनीहून आणवले; पुढे दोघेही त्यांच्याच खुर्चीवर बसले. उमेदवारांना फ्रान्स-जर्मनीत शिकायला पाठवण्याची व्यवस्था त्यांनी लावली. १८७८ साली देहरादूनला वनशाळा सुरू झाली. तिथे हिंदी मुलं रेंजर होण्यासाठी शिकू लागली. वरच्या जागा मात्र बहुतांशी युरोपात शिकून आलेल्या गोऱ्यांसाठीच राहिल्या. त्याच वर्षीच्या वनकायद्याने गावकऱ्यांचे पिढीजात हक्कही आवळले. गावाला गावाचं स्वतःचं रान असावं, असा ब्रांडिस यांचा आग्रह होता. सरकारदरबारी तो फारसा टिकला नाही. ज्या खात्याची घडी त्यांनी बसवली, त्याच खात्याचा धाक आदिवासींच्या दारात पोहोचला, हेही विसरून चालणार नाही.

निवृत्तीनंतरची गोष्ट वेगळी. हिंदुस्थानात जाणाऱ्या इंग्रज विद्यार्थ्यांना दर उन्हाळ्यात जर्मनी आणि स्वित्झर्लंडची जंगलं पायी दाखवण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं. १८८९ साली गिफर्ड पिंचो नावाचा अमेरिकन तरुण बॉनला त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या देशात तेव्हा वनशास्त्राची एकही शाळा नव्हती. पासष्टीच्या ब्रांडिस यांनी या अनोळखी पोराला फ्रान्समधल्या नान्सीच्या वनशाळेची वाट दाखवली, झुरिकजवळच्या सीलवाल्डच्या रानात अनुभवी वनाधिकाऱ्याच्या हाताखाली ठेवलं, आपल्या सहलीतही सामील करून घेतलं.

त्यांची इच्छा होती, की पिंचोने घाई न करता दोन-तीन वर्षं शिकावं. पिंचोला धीर नव्हता. जेमतेम वर्षभराने, १८९० च्या डिसेंबरात, तो घरी परतला. सल्ला मोडला, की आमच्यासारखे वडीलधारे फुगून बसतात. ‘मग बघ आता तुझं तू,’ हे वाक्य आपल्या घराघरांत किती वेळा बोललं जातं, आठवून पाहा! मी स्वतः शाखेतल्या एका हुशार पोराला हेच ऐकवलं होतं. बदलीचा माझा सल्ला त्याने मानला नाही, एवढंच निमित्त. पुढे त्याने माझी पायरी चढली नाही, आणि नुकसान दोघांचंही झालं.

ब्रांडिस यांनी मात्र पत्रव्यवहार थांबवला नाही. समुद्रापलीकडच्या त्या उतावळ्या शिष्याला ते वर्षानुवर्षं लिहीत राहिले, मार्गदर्शन करत राहिले. १९०५ साली हाच पिंचो अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख झाला. त्याआधी १९०० साली पिंचो कुटुंबाच्या देणगीतून येल विद्यापीठात वनशाळा उभी राहिली होती. तिचे पहिले प्रमुख हेन्री ग्रेव्ह्ज. तेही ब्रांडिस यांच्याच तालमीतले.

म्हातारपणीही ब्रांडिस यांची लेखणी थांबली नाही. भारतीय वृक्षांवरचा त्यांचा भलामोठा ग्रंथ १९०६ साली निघाला, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. दुसऱ्याच वर्षी, मे महिन्यात, बॉनला त्यांचा अंत झाला.

साग लावणाऱ्याला त्याचा ओंडका बघायला मिळतोच असं नाही. त्याचा नातू बघतो. हे ज्याला ठाऊक असतं, त्याला माणूस वाढवतानाही घाई नसते. तुमच्या घरातलं एखादं पोर चारचौघांपेक्षा वेगळी वाट धरत असेल, आणि तुमचा सल्ला डावलून धरत असेल, तर त्याला आज संध्याकाळी एक फोन करा. उपदेश करू नका. नुसतं विचारा, काम कसं चाललंय?