राजाजी आणि नियंत्रणांचा हिशेब

जून १९५२ मध्ये मद्रास राज्यातील धान्यनियंत्रणे उठविण्यात आली, तेव्हा मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे वय त्र्याहत्तर वर्षांचे होते. देशाचे एकमेव भारतीय गव्हर्नर जनरल, पुढे केंद्रीय गृहमंत्री, अशी पदे भूषवून ते राजकारणातून जवळजवळ निवृत्त झालेले होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मद्रासमध्ये काँग्रेसचे बहुमत हुकले आणि पक्षाला या वृद्ध मुत्सद्द्याची आठवण झाली. राजाजी निवडणुकीला उभेही नव्हते. राज्यपालांनी त्यांना विधान परिषदेवर नियुक्त केले आणि एप्रिलमध्ये ते मुख्यमंत्री झाले. लोकशाही संकेतांच्या दृष्टीने हा प्रकार शोभादायक खचितच नव्हता.

त्यांच्यापुढे पहिला प्रश्न आला तो तांदळाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील शिधावाटप व सक्तीची धान्यवसुली स्वातंत्र्यानंतरही चालूच होती. शेतकऱ्याने सरकारने बांधलेल्या दराने धान्य घालावे, परवान्यावाचून ते ठरलेल्या हद्दीबाहेर नेऊ नये आणि शहरवासीयाने शिधापत्रिकेवर मिळेल तेवढ्यावर भागवावे, अशी ती व्यवस्था. टंचाईत गरिबाच्या ताटात दोन घास पडावेत, हा तिचा हेतू निर्विवादपणे चांगला होता. परंतु बांधलेल्या दरामुळे धान्य विकण्यापेक्षा दडविण्यातच शेतकऱ्याला हित दिसू लागले. दडविलेले धान्य काळ्या बाजारात येई आणि काळ्या बाजाराचा भाव गरिबाला परवडत नसे. उद्या मिळेल की नाही या धास्तीने ज्याला शक्य होते तो घरात साठा करी, म्हणजे टंचाईत आणखी भर पडे. सेलममध्ये वकिलीत उमेदीची वर्षे घालविलेल्या राजाजींना आणखी एक गोष्ट उमगली होती. एरवी कायदा पाळणारी माणसे पोटासाठी कायदा मोडू लागली की हळूहळू सर्वच कायद्यांचा धाक जातो.

नियंत्रणे उठविल्यास भाव कडाडतील, ही भीती निराधार नव्हती. गांधीजींच्या आग्रहामुळे डिसेंबर १९४७ मध्ये धान्य एकदा नियंत्रणमुक्त झाले होते. भाव भडकले आणि १९४८ मध्ये नियंत्रणे पुन्हा लादावी लागली. राजाजींनी तरीही धाडस केले. दडलेला तांदूळ बाजारात आला, भाकीत केलेला हाहाकार झाला नाही आणि १९५४ पर्यंत देशभर नियंत्रणमुक्तीचे धोरण स्वीकारले गेले. मात्र या यशामागे केंद्रीय अन्नमंत्री रफी अहमद किडवाई यांचा भक्कम पाठिंबा होता आणि अमेरिकेने १९५१ मध्ये दिलेल्या १९ कोटी डॉलरच्या कर्जातून आलेल्या गव्हाचाही आधार होता. खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते ही कथा सांगताना गव्हाचा भाग बहुधा गाळतात.

याच राजाजींची दुसरी बाजूही आहे. १९३७ मध्ये मद्रास प्रांताचे पंतप्रधान होताच त्यांनी १ ऑक्टोबरपासून आपल्या सेलम जिल्ह्यात दारूबंदी जारी केली. तिरुचेंगोडच्या आश्रमात असताना ताडीपायी उद्ध्वस्त झालेले संसार त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण अबकारी उत्पन्न हा प्रांताच्या तिजोरीचा मोठा आधार होता. तो डळमळू लागताच दुसरे उत्पन्न शोधणे भाग पडले. त्यातून १९३९ चा सर्वसाधारण विक्रीकर जन्माला आला. देशातील हा असा पहिलाच कर. इतर प्रांतांनी त्याचे झपाट्याने अनुकरण केले. दारूबंदीचे अनुकरण करण्याची घाई मात्र फारच थोड्यांना झाली.

शाळांतून हिंदी सक्तीची करण्याचा १९३८ चा निर्णय आणि मुलांनी निम्मा वेळ घरच्या व्यवसायात घालवावा ही १९५३ ची शिक्षणयोजना, या दोहोंचे फलितही असेच हेतूच्या विपरीत झाले. एकीने राष्ट्रीय ऐक्य साधायचे होते, दुसरीने अपुऱ्या शाळांत अधिक मुलांची सोय करायची होती. प्रत्यक्षात दोहोंमुळे द्रविड चळवळीला बळ मिळाले आणि दुसऱ्या योजनेपायी एप्रिल १९५४ मध्ये राजाजींना पद सोडावे लागले.

जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने सहकारी शेतीचा ठराव केला, तेव्हा ऐंशीच्या घरातील राजाजींनी मिनू मसानी, एन. जी. रंगा आदींसह स्वतंत्र पक्ष काढला. ऑगस्टमध्ये मुंबईत त्याचे अधिवेशन भरले. परवाना हीच मालमत्ता बनते, ज्याच्या हाती तो पडतो त्या कारखानदाराला स्पर्धेचे भय राहत नाही आणि तो देणाऱ्या पक्षाला निधीची ददात पडत नाही, हे त्यांचे प्रतिपादन होते. समाजवादाच्या नावाने चाललेली व्यवस्था मूठभर भांडवलदारांनाच पोसते आहे, हा आरोप त्या वेळी प्रतिगामी ठरविला गेला. १९९१ नंतर तोच अनेक काँग्रेसजनांच्या तोंडीही दिसू लागला. १९६७ मध्ये पक्षाला लोकसभेत ४४ जागा मिळाल्या, १९७१ मध्ये अवघ्या ८.

दारूबंदीच्या बाबतीत मात्र राजाजींनी आपला तर्क कधीही लागू केला नाही. जुलै १९७१ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, ते भर पावसात मुख्यमंत्री करुणानिधी यांच्या घरी गेले आणि बंदी उठवू नये अशी त्यांनी विनंती केली. ऑगस्टअखेर ती उठलीच. २५ डिसेंबर १९७२ रोजी राजाजी निवर्तले. १९७४ मध्ये बंदी पुन्हा आली, पुन्हा उठली. विक्रीकर मात्र टिकला. २०१७ मध्ये बहुतेक वस्तूंवर वस्तू व सेवा कर आला, पण मद्य त्यातून वगळले गेले. दारूच्या उत्पन्नाची तूट भरून काढण्यासाठी राजाजींनी आणलेला तो कर, बदललेल्या नावाने, आज तमिळनाडूत दारूवरच आकारला जातो.