नदीकांठचे वृद्ध विद्यार्थी : आयझॅक वॉल्टन

थोर पुरुष म्हटला कीं रणांगण किंवा राजसभा आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु हातीं गळाची काठी घेऊन नदीकांठीं बसणाऱ्या एका दुकानदाराचें नांवही तीन शतकांहून अधिक काळ टिकून राहिलें आहे. त्या आयझॅक वॉल्टन यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

वॉल्टन यांचा जन्म इंग्लंडांतील स्टॅफर्ड गांवीं १५९३ सालीं झाला. विद्यापीठाचें शिक्षण त्यांस लाभलें नाहीं. तरुणपणीं लंडनला येऊन त्यांनीं फ्लीट स्ट्रीटनजीक कापडाचें दुकान मांडलें. तेथील धर्मोपदेशक व कवि जॉन डन यांच्याशीं त्यांचा स्नेह जडला. पुढें त्यांनीं डन, हर्बर्ट इत्यादि सत्पुरुषांचीं चरित्रें लिहिलीं.

संसारांत त्यांनीं फार दुःख सोसलें. १६४० सालीं त्यांची पहिली पत्नी निवर्तली. तिचीं सातही मुलें बाळपणींच गेलीं. देशांत यादवी माजली, आणि १६४९ सालीं राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. वॉल्टन राजपक्षाचे असल्यामुळें त्यांस हा काळ कठीण गेला. तथापि मनांत कडवटपणा न आणतां १६५३ सालीं त्यांनीं ‘कम्प्लीट अँग्लर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मासे धरण्याची कला जाणणारा एक गृहस्थ व त्याचा नवशिका शिष्य यांचा तो संवाद आहे.

ट्राउट हा तेथील मूळचा मासा थंड, निर्मळ, वाहत्या पाण्यांत राहतो. प्रवाहाकडे तोंड करून तो स्थिर असतो व पाण्यावरून वाहत येणारे कीटक टिपतो. कांठावर मनुष्याची सावली हलली तरी तो दडी मारतो. म्हणून गळावर पिसें व रेशीम बांधून खोटी माशी करतात आणि बारीक दोरीनें ती लांबून अलगद पाण्यावर सोडतात.

वॉल्टन यांचा हात गांडूळ वगैरे आमिषांवर बसलेला होता. खोट्या माशीची बरीच माहिती आपण थॉमस बार्कर यांजकडून घेतली, हें त्यांनीं ग्रंथांत मोकळेपणें सांगितलें. पुढें डर्बीशायरच्या डोंगराळ मुलखांतून वाहणाऱ्या डव्ह नदीच्या कांठीं राहणारा चार्ल्स कॉटन त्यांस पुत्रासारखा झाला. तो त्यांहून सदतीस वर्षांनीं लहान, पण ही विद्या त्यास अधिक अवगत होती. त्यानें १६७४ सालीं नदीकांठीं एक दगडी घर बांधून दारावर दोघांचीं आद्याक्षरें एकांत एक गुंफून कोरविलीं. १६७६ सालीं ग्रंथाची पांचवी आवृत्ति निघाली, तेव्हां स्वच्छ प्रवाहांतील ट्राउट माशीनें कसा धरावा हा भाग कॉटननें लिहून त्यास जोडला. वॉल्टन तेव्हां ऐंशी वर्षांच्या पुढें होते व त्यांची कीर्ति दृढ झालेली होती. तरी आपल्या ग्रंथांत धाकट्यास गुरूचें आसन देण्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं.

१५ डिसेंबर १६८३ रोजीं, नव्वदाव्या वर्षीं, विंचेस्टर येथें ते परलोकवासी झाले. तेथील कॅथीड्रलमध्यें त्यांची समाधि आहे. आपल्या शेताच्या उत्पन्नांतून स्टॅफर्डच्या गरीब मुलांस धंदा शिकतां यावा व हिंवाळ्यांत गरिबांस कोळसा मिळावा, अशी तजवीज त्यांनीं मृत्युपत्रांत केली होती.

ज्यास पुष्कळ येतें त्यास मला हें येत नाहीं असें म्हणणें फार जड जातें. वॉल्टन यांनीं तें सहज म्हटलें, म्हणूनच त्यांचा ग्रंथ पूर्ण झाला. आमच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनीं, आणि आम्हां वडीलधाऱ्यांनींही, एवढें तरी त्यांजपासून घ्यावें.