थॉमस स्टीफन्स

फादर थॉमस स्टीफन्स (जन्म: सुमारे इ.स. १५४९, विल्टशायर, इंग्लंड, मृत्यू: इ.स. १६१९, गोवा) हे इंग्रज जेझुइट धर्मप्रचारक, मराठी कवी आणि कोकणी भाषेचे व्याकरणकार होते. युरोपीय प्रबोधनातील भाषाभ्यासाची पद्धत आणि मुद्रणकला यांचा मराठी-कोकणीशी आलेला आरंभीचा संबंध त्यांच्या कार्यात दिसतो. 'क्रिस्तपुराण' हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय.

जीवन

प्रबोधनकाळात युरोपात ग्रीक व लॅटिन ग्रंथांचा चिकित्सक अभ्यास, लोकभाषांची व्याकरणे आणि छपाई यांना चालना मिळाली होती. स्टीफन्स यांची जडणघडण याच काळात झाली. एलिझाबेथ राणीच्या राजवटीत कॅथलिक पंथीयांवर निर्बंध असल्याने त्यांनी इंग्लंड सोडले आणि इ.स. १५७५ मध्ये रोम येथे जेझुइट संघात प्रवेश केला. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून ते ऑक्टोबरमध्ये गोव्यास पोहोचले. पुढील चाळीस वर्षे, मुख्यतः साष्टी भागात, त्यांनी धर्मकार्य केले.

हा काळ संघर्षाचा होता. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील अनेक देवळे पाडली होती. त्या रोषातून इ.स. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइटांची हत्या झाली. त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी भारतीय भाषांची रचना ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे नोंदवले. विल्यम जोन्स यांनी असेच मत मांडले, ते सुमारे दोनशे वर्षांनंतर, इ.स. १७८६ मध्ये.

क्रिस्तपुराण

धर्मांतरितांची जुनी पुराणे सुटली होती, परंतु पुराणश्रवणाची ओढ कायम होती. ती पोकळी भरण्यासाठी स्टीफन्स यांनी बायबलमधील कथा मराठी ओवीत रचली. बोलीभाषा कोकणी असली, तरी भक्तिकाव्याची प्रतिष्ठित भाषा मराठी होती. ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या असून 'पहिले पुराण' जुन्या करारावर, तर 'दुसरे पुराण' नव्या करारावर आधारलेले आहे. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या विशेष प्रसिद्ध आहेत.

गोव्यात मुद्रणयंत्र इ.स. १५५६ मध्येच आले होते. परंतु मराठी लिपीचे खिळे नव्हते. त्यामुळे इ.स. १६१६ मध्ये रायतूर येथे हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. इ.स. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या.

कोकणीविषयक कार्य

त्यांची कोकणीतील प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाची पुस्तिका इ.स. १६२२ मध्ये, तर लॅटिन व्याकरणाच्या धर्तीवर पोर्तुगीजमध्ये लिहिलेले कोकणीचे व्याकरण इ.स. १६४० मध्ये रायतूर येथे प्रसिद्ध झाले. दोन्ही ग्रंथ मरणोत्तर होत. हे व्याकरण भारतीय भाषेचे पहिले मुद्रित व्याकरण मानले जाते.

वारसा

इ.स. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषांचा वापर बंद करण्याचा हुकूम काढला. ज्या भाषांसाठी स्टीफन्स यांनी आयुष्य वेचले, त्याच भाषांवर त्यांच्या आश्रयदात्या सत्तेने घाला घातला. क्रिस्तपुराणाच्या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे. त्यांच्या आधारे जे. एल. सालढाणा यांनी इ.स. १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती काढली. लंडन येथील मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखितही आढळले आहे. इ.स. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती पुण्यात प्रसिद्ध झाली आणि मूळ मुद्रणानंतर ३४० वर्षांनी हा ग्रंथ मराठी वाचकांना त्यांच्या लिपीत मिळाला.