उलटी धरलेली गिटार

एलिझाबेथ कॉटन यांचा जन्म १८९३ चा, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात. भाऊ कामावर गेला की ही डावखुरी पोर त्याचे वाद्य उलटे धरून वाजवीत बसे. एरवी लोकगीतांच्या साथीला अंगठा जाड तारांवर खर्ज धरतो आणि बोटे बारीक तारांवर चाल काढतात. हिचे सारेच उफराटे : खर्ज बोटांकडे, चाल अंगठ्याकडे! शिकविणारे कोणी नव्हते, त्यामुळे चुकतेस म्हणणारेही कोणी नव्हते.

शाळा सुटली, लोकांच्या घरची कामे आली. त्या कमाईतून पावणेचार डॉलरची गिटार घेतली. अकरा-बारा वर्षांच्या वयात ‘फ्रेट ट्रेन’ हे मालगाडीचे गाणे रचले. पुढे लग्न, मूल. चर्चमधील मंडळींना असली गाणी रुचेनात. गिटार सुटली ती कित्येक वर्षे.

वॉशिंग्टनच्या एका दुकानात काम करताना त्यांनी हरवलेली मुलगी तिच्या आईच्या हवाली केली. ती पेगी सीगर. सीगर कुटुंब लोकसंगीताच्या अभ्यासकांचे. त्यांच्याकडे कॉटनबाई घरकामाला राहिल्या. (माझी आईही चार घरची कामे करते. इथे लेखणी जरा थांबली.) तिथली भिंतीवरची गिटार त्यांनी एकदा खाली घेतली, नि बोटांना हळूहळू सारे आठवले.

१९५८ मध्ये फोकवेज कंपनीने त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. त्यांचे मालगाडीचे गाणे मधल्या काळात इंग्लंडात भलत्यांच्याच नावावर लागले होते. श्रेय झगडून मिळवावे लागले. साठी उलटल्यावर त्या प्रथम रंगमंचावर बसल्या. ग्रॅमी पारितोषिक मिळाले तेव्हा नव्वदी ओलांडली होती. १९८७ मध्ये सिरॅक्यूज येथे त्या वारल्या. गिटार त्यांनी शेवटपर्यंत उलटीच धरली.