संत थॉमस मोर व त्यांची घरची शाळा

पॅरिशच्या महोत्सवाच्या वर्षीं देवळाचा इतिहास लिहिला जातो. पाया कोणीं घातला, घंटा केव्हां आली, कोणकोणते धर्मगुरु होऊन गेले, हें सर्व मोठ्या आस्थेनें नोंदून ठेवतात, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या घरांतून माणसें त्या देवळांत येतात, त्या घरांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. वास्तविक मूल देवळाची पायरी चढण्यापूर्वींच क्रुसाची खूण आईच्या मांडीवर शिकत असतें. म्हणून या शुभ प्रसंगीं अशा एका संताचें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे, कीं ज्यांचें घर हीच एक शाळा होती, व त्या शाळेस पुढें फार कठीण परीक्षा द्यावी लागली. ते संत म्हणजे इंग्लंडचे रक्तसाक्षी सर थॉमस मोर हे होत.

थॉमस मोर यांचा जन्म इ. स. १४७८ च्या सुमारास लंडन शहरीं झाला. त्यांचे वडील जॉन मोर हे कायदेपंडित असून पुढें न्यायाधीश झाले. बाळपणीं थॉमस आर्चबिशप जॉन मॉर्टन यांच्या पदरीं सेवक म्हणून राहिले, नंतर ऑक्सफर्ड येथें शिकले, व शेवटीं वडिलांच्या इच्छेप्रमाणें लंडनास येऊन त्यांनीं कायद्याचा अभ्यास केला. याच काळांत लंडनच्या कार्थुसियन मठाच्या सान्निध्यांत त्यांनीं कांहीं वर्षें काढिलीं. संन्यस्त व्हावें कीं संसार करावा, हा प्रश्न त्यांच्या मनांत पुष्कळ दिवस घोळत होता. अखेरीस त्यांनीं संसार पत्करला. परंतु मठांतली पहांटेची प्रार्थना, साधें अन्न व अंगाला टोंचणारा केसांचा सदरा, हीं त्यांनीं आयुष्यभर सोडिलीं नाहींत. वरून राजदरबाराचा पोशाख असे. आंतील सदऱ्याची गोष्ट मात्र त्यांची थोरली कन्या मार्गारेट हिला माहीत होती, कारण तो धुण्याचें काम तिच्याकडे असे.

इ. स. १५०५ च्या सुमारास त्यांचा विवाह जेन कोल्ट या खेड्यांतील तरुणीशीं झाला. मार्गारेट, एलिझाबेथ, सेसिली व जॉन अशीं चार अपत्यें त्यांस झालीं. इ. स. १५११ मध्यें जेन वारली, तेव्हां हीं मुलें अगदीं लहान होतीं. त्यांना आई हवी म्हणून मोर यांनीं लवकरच ॲलिस मिडलटन या विधवा स्त्रीशीं विवाह केला. ॲलिसबाईंची स्वतःची मुलगी घरांत आली. मार्गारेट गिग्ज नांवाची मानलेली मुलगी व ॲन क्रेसेकर नांवाची पोरकी मुलगी, ह्याही त्याच घरांत वाढल्या. ॲलिसबाई जिभेनें जरा तिखट होत्या, परंतु घर सांभाळण्यांत वाकबगार. पतीच्या आग्रहानें त्या उतारवयांत वाद्यें वाजविण्यास शिकल्या व रोज आपला धडा म्हणून दाखवूं लागल्या. ज्या घरांत आईसुद्धां धडा म्हणून दाखविते, त्या घरांतील मुलांस अभ्यासाचा कंटाळा कसा येणार?

मुलांच्या शिक्षणासाठीं मोर यांनीं विद्वान शिक्षक घरींच आणून ठेविले. जॉन क्लेमंट, विल्यम गोनेल व खगोलविद्या शिकविणारे निकोलस क्रॅट्झर हे त्यांपैकीं होत. लॅटिन व ग्रीक भाषा, तर्कशास्त्र, गणित, खगोलविद्या व धर्मज्ञान हे विषय मुलगा व मुली यांना सारखेच शिकवीत. मुलींस असें शिक्षण देणें त्या काळीं लोकांना विचित्र वाटे. परंतु शेत चांगलें असेल तर पेरणारा हात पुरुषाचा कीं स्त्रीचा याची पिकास पर्वा नसते, अशी मोर यांची धारणा होती. इ. स. १५१८ मध्यें त्यांनीं गोनेल यांस लिहिलेल्या पत्रांत सद्गुणास पहिलें स्थान व विद्येस दुसरें दिलें, आणि मुलांच्या मनांत गर्व शिरूं नये म्हणून काळजी घेण्यास सांगितलें. राजाच्या कामासाठीं ते दूर गेले, म्हणजे मुलांनीं रोज लॅटिन भाषेंत एक पत्र पाठवावें असा नियम असे. लिहिण्यास कांहीं विषय नसला तर विषय नाहीं हेंच सविस्तर लिहावें, अशी मौजेची सवलतही असे. शिक्षेचें म्हणाल, तर मोराच्या पिसांच्या छडीपलीकडे त्यांची मजल गेली नाहीं.

इ. स. १५२४ च्या सुमारास हें कुटुंब लंडनजवळ थेम्स नदीच्या कांठीं चेल्सी येथें राहावयास गेलें. तेथें मोठी बाग होती. माकड, ससे, कोल्हा व नाना जातींचे पक्षी पाळलेले होते, व त्यांच्या लीला पाहणें हाही मुलांच्या शिक्षणाचाच भाग होता. नोकरांनीं रिकामें बसूं नये म्हणून प्रत्येकास बागेचा एकेक तुकडा नेमून दिलेला असे. कोणी गात, कोणी वाद्य वाजवीत. परंतु पत्ते व फांसे यांना त्या घरांत थारा नव्हता. जेवणास आरंभ होतांच एक मुलगी पवित्र शास्त्राचा भाग वाची, मग त्यावर बोलणें होई, व नंतर हास्यविनोदास मोकळीक मिळे. मोर स्वतः बहुधा पाणीच पीत. पाहुण्यांस अवघडल्यासारखें होऊं नये म्हणून तें ते कथलाच्या पेल्यांतून घेत, म्हणजे पाहणारास तें मद्य वाटावें. पक्वान्नांपेक्षां साधें मांस, दूध, अंडीं व फळें त्यांना आवडत. रात्रीं निजण्यापूर्वीं घरांतील सारीं माणसें, नोकरचाकर धरून, एकत्र प्रार्थनेस जमत. गुड फ्रायडेच्या दिवशीं सर्वांसमोर प्रभु येशूच्या दुःखसहनाचें वाचन होई.

हें घर आपल्यापुरतेंच धार्मिक नव्हतें. गरीब शेजाऱ्यांना मोर आपल्या पंक्तीस बसवीत. चेल्सी येथें वृद्ध व निराधार लोकांसाठीं त्यांनीं एक घर चालविलें होतें व त्याची देखरेख मार्गारेटकडे दिली होती. रविवारीं पॅरिशच्या देवळांत ते गायकवृंदांत उभे राहून गात. राज्याच्या सर्वोच्च न्यायासनावर बसल्यावरही हा क्रम त्यांनीं मोडला नाहीं. इ. स. १५२९ मध्यें त्यांचीं धान्याचीं कोठारें जळालीं. तेव्हां त्यांनीं पत्नीस पत्र लिहून कळविलें, कीं सर्वांनीं देवळांत जाऊन देवाचे आभार मानावे, व आपल्या आगीमुळें ज्या शेजाऱ्याचें नुकसान झालें असेल त्याची भरपाई करावी.

श्रद्धा व उपचार यांत त्यांनीं कधीं विरोध मानला नाहीं. इ. स. १५२८ मध्यें मार्गारेटला त्या काळचा घामाचा भयंकर ताप आला. वैद्यांनीं आशा सोडिली. मोर प्रार्थनामंदिरांत जाऊन गुडघे टेकून अश्रु ढाळूं लागले. प्रार्थना करीत असतांनाच बस्तीचा उपचार करून पाहावा असें त्यांच्या मनांत आलें. त्यांनीं उठून वैद्यांस तें सांगितलें, उपचार झाला, व मुलगी वांचली. 

परंतु घरांतील सर्वांचें मन एकाच वेळीं एकाच दिशेस वळतें असें नाहीं. मार्गारेटचा पति विल्यम रोपर हा तरुणपणीं ल्यूथरच्या मतांकडे ओढला गेला. मोर यांनीं त्याच्याशीं पुष्कळ वाद केला. उपयोग होईना, तेव्हां वाद थांबवून ते त्याच्यासाठीं प्रार्थना करूं लागले. कालांतरानें जांवई परतला. येथें एक गोष्ट आम्ही झांकून ठेवूं इच्छीत नाहीं. मोर हे इ. स. १५२९ ते १५३२ पर्यंत लॉर्ड चॅन्सेलर होते. त्या अवधींत पाखंडाच्या आरोपावरून सहा जणांना जाळण्यांत आलें, व तो कठोर कायदा मोर यांना मान्य होता. इ. स. १९६५ मध्यें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें धर्मस्वातंत्र्याचा जो हक्क जाहीर केला, त्या प्रकाशांत पाहतां, मोर न्यायासनावर होते त्यापेक्षां आपल्या जेवणाच्या मेजाशीं शुभवर्तमानाच्या अधिक जवळ होते, असें आम्हांस वाटतें.

आतां त्या घराच्या परीक्षेची वेळ आली. राजा आठवा हेन्री याला आपली पत्नी राणी कॅथरिन हिला सोडून ॲन बोलिन हिच्याशीं लग्न करावयाचें होतें. पोपमहाराज संमति देईनात, म्हणून राजानें इंग्लंडच्या ख्रिस्तसभेवर आपली सत्ता बसविण्यास आरंभ केला. मोर यांनीं १६ मे १५३२ रोजीं अधिकारपद सोडलें. उत्पन्न एकदम आटलें. त्यांनीं नोकरांस दुसरीकडे चांगल्या जागा पाहून दिल्या, आणि मुलें, सुना व जांवई यांस एकत्र बसवून खर्चाची गोष्ट मोकळेपणानें काढिली. प्रथम वकिलांच्या वसतिगृहांतील जेवणापर्यंत खालीं यावें, तेंही झेपलें नाहीं तर ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या जेवणापर्यंत, आणि तेंही न परवडल्यास सर्वांनीं झोळ्या घेऊन दारोदार साल्वे रेजिना गात भिक्षा मागावी, असें त्यांनीं हंसत हंसत सुचविलें. थंडींत जळणास लांकूड नसे, तेव्हां निजण्यापूर्वीं नेच्यांचा भारा पेटवून सारें कुटुंब त्यासभोंवतीं शेकत बसे. साधेपणाची संवय आधींपासून होती, म्हणून दारिद्र्य आलें तेव्हां तें घर मोडलें नाहीं.

इ. स. १५३४ मध्यें राजाच्या नव्या विवाहाच्या वारसांस मान्यता देणारी व पोपमहाराजांचा अधिकार नाकारणारी शपथ सर्वांपुढें ठेवण्यांत आली. १३ एप्रिल रोजीं मोर यांस बोलावणें आलें. एरव्हीं ते बाहेर निघाले कीं बायकामुलें नावेपर्यंत पोहोंचवावयास येत व ते सर्वांचें चुंबन घेत. त्या दिवशीं त्यांनीं बागेचें फाटक आपल्या मागें ओढून घेतलें व कोणासही पुढें येऊं दिलें नाहीं. शपथ त्यांनीं नाकारली, आणि १७ एप्रिल रोजीं त्यांस लंडनच्या टॉवरमध्यें कोंडण्यांत आलें.

सर्वांत कठीण परीक्षा तर पुढेंच होती. मार्गारेट ही त्यांची सर्वांत लाडकी व सर्वांत विद्वान कन्या. देवाच्या नियमास बाध येत नसेल तेथवर, एवढी अट घालून तिनें शपथ घेतली होती. तुरुंगांत तिला भेटीची परवानगी मिळाली. बापलेक प्रथम सात स्तोत्रें व लितानी म्हणत, आणि मग बोलत. त्या बोलण्यांत तिनें पित्यास शपथ घेण्याविषयीं परोपरीनें विनविलें. घरच्यांचे हाल, मोठमोठ्या विद्वानांचीं उदाहरणें, सर्व कांहीं तिनें पुढें केलें. ज्या पित्यानें तिला तर्कशास्त्र शिकविलें, त्याच्याशींच ती तें शास्त्र घेऊन झगडत होती. मोर रागावले नाहींत. आपण दुसऱ्या कोणासही शपथ घेऊं नको म्हणून सांगत नाहीं. मात्र आपली सदसद्विवेकबुद्धि आपण दुसऱ्याच्या पाठीवर लादूं शकत नाहीं, एवढेंच त्यांनीं तिला समजाविलें. मुलीवर त्यांनीं आज्ञा चालविली नाहीं, व स्वतःही ते ढळले नाहींत.

१ जुलै १५३५ रोजीं त्यांस राजद्रोहाबद्दल देहान्ताची शिक्षा झाली. टॉवरकडे परत नेत असतां मार्गारेट शिपायांच्या भाल्यांतून वाट काढीत आली व तिनें पित्यास मिठी मारली. थोडी दूर जाऊन पुन्हां परतली व पुन्हां गळ्यांत पडली. ५ जुलै रोजीं मोर यांनीं तिला कोळशानें शेवटचें पत्र लिहिलें व तो केसांचा सदराही पाठविला. ६ जुलै रोजीं टॉवर हिलवर त्यांचा शिरच्छेद झाला. मस्तक लंडनच्या पुलावर टांगण्यांत आलें होतें. मार्गारेटनें तें मिळवून जपून ठेविलें, व त्याबद्दल राजमंडळापुढें जाब देण्याचा प्रसंगही सोसला.

शाळेची परीक्षा तिच्या विद्यार्थ्यांवरून होते. मानलेली कन्या मार्गारेट गिग्ज हिनें इ. स. १५३७ मध्यें न्यूगेटच्या तुरुंगांत खांबांस बांधून उपाशी मारल्या जाणाऱ्या कार्थुसियन साधूंना गवळणीच्या वेषांत जाऊन आपल्या हातांनीं घांस भरविला. मार्गारेट रोपर इ. स. १५४४ मध्यें वारली. तिची कन्या मेरी हिनें, आजोबांनीं तुरुंगांत लॅटिन भाषेंत लिहिलेल्या शेवटच्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर केलें, व तें इ. स. १५५७ मध्यें प्रसिद्ध झालें. म्हणजे ती घरची शाळा तिसऱ्या पिढीपर्यंत चालली. पोप ११ वे पायस यांनीं इ. स. १९३५ मध्यें थॉमस मोर यांस संतपद दिलें, व इ. स. २००० मध्यें पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांस राज्यकर्त्यांचे आश्रयदाते म्हणून घोषित केलें. २२ जून रोजीं त्यांचा सण येतो.

वाचकहो, आपल्यापैकीं कोणाच्या घरीं ग्रीक भाषेचे पंडित येणार नाहींत, आणि येण्याची गरजही नाहीं. परंतु संध्याकाळची जपमाळ सर्वांनीं एकत्र बसून म्हणणें, जेवणाच्या वेळीं शुभवर्तमानांतील चार ओळी वाचणें, मुलीस मुलाइतकेंच शिकविणें, साधें खाणें, मद्याचा पेला दूर ठेवणें, आणि शेजाऱ्याचें नुकसान आपलें समजणें, यांस पैसा लागत नाहीं. मूल मोठें झाल्यावर आपल्याशीं वाद घालील, कदाचित् आपल्याहून निराळ्या वाटेनेंही जाईल. त्या दिवशीं आपली आज्ञा त्याला अडवूं शकणार नाहीं. लहानपणीं घरांत जें पाहिलें तेंच त्याला हांक मारील. आपल्या पॅरिशमधील प्रत्येक घराचें फाटक अशा शाळेचें दार होवो, हीच संत थॉमस मोर यांच्या मध्यस्थीनें प्रभुचरणीं आमची प्रार्थना.