पंडिता रमाबाई व मुक्तिसदनातील अंध बालके

पंडिता रमाबाईंचे नाव ऐकले नाही असा वाचक आमच्या या वार्षिकास बहुधा मिळावयाचा नाही. त्यांची विद्वत्ता, विधवांसाठी त्यांनी वेचलेले आयुष्य, या गोष्टी पाठ्यपुस्तकांतून सर्वांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. त्या चरित्राचा एक कोपरा मात्र दुर्लक्षित राहतो. ज्यांस दिसत नाही, ज्यांचे शरीर व मन उपासमारीने खचून गेले आहे, अशा लहान लहान मुलांस शिकविण्याची खटपट रमाबाईंनी आरंभिली. आणि ही खटपट करणारी बाई स्वतः कानांनी अधू होती. आम्ही येथे मुख्यतः तेवढेच सांगणार आहोत. पालकांनी हे चार पृष्ठांचे चरित्र मुलांना जवळ घेऊन वाचावे अशी आमची विनंती आहे. कारण आमच्या गोंदिया जिल्ह्यातील खेड्यांतून फिरताना घराच्या आतल्या अंगाला, पाहुण्यांच्या दृष्टीआड बसवून ठेवलेले एखादे मूल आजही आम्हांस आढळते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे शास्त्री. पेशव्यांच्या घरातील स्त्रीस संस्कृत शिकविले जाते हे त्यांनी विद्यार्थिदशेत पाहिले होते, आणि आपल्या पत्नीसही आपण तसेच शिकवावे हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून बसला. लोकांनी विरोध केला. शास्त्रीबुवांनी पंडितांसमोर उभे राहून आपला पक्ष मांडला, पण हेका सोडला नाही. पुढे लक्ष्मीबाईंनी, म्हणजे रमाबाईंच्या आईने, तीच विद्या मुलीस दिली. घराणे यात्रा करीत, पुराणे सांगत गावोगाव हिंडत असे. दिवसा आईस उसंत नसे, म्हणून ती पहाट होण्यापूर्वी मुलीस जागे करी, तिची झोप लाडीगोडीने घालवी, आणि पक्षी किलबिलू लागेपर्यंत तिच्याकडून श्लोक म्हणवून घेई. भागवताचे हजारो श्लोक या मुलीने अशा रीतीने मुखोद्गत केले. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी की, रमाबाईंची पहिली विद्या सर्वस्वी कानांवाटे आली.

पुढील दिवस अति कठीण गेले. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत पडलेल्या दुष्काळात वडील, आई व थोरली बहीण एकामागून एक निवर्तली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी भटकत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली बंधू वारले; त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंचा विवाह झाला; १८८१ च्या एप्रिलात कन्या मनोरमा जन्मली; आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या आजाराने पती गेले. चोवीस वर्षांचेही वय नाही तोच एवढे सारे होऊन गेले होते.

पुण्यास आल्यावर रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८२ साली हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनपुढे साक्ष देताना शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची या देशास किती गरज आहे हे स्पष्टपणे सांगितले. त्यांनी स्वतःही वैद्यक शिकण्याचे मनात धरले आणि त्याच उद्देशाने १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. परंतु वैद्यकाचा बेत तडीस गेला नाही. त्यांस ऐकू कमी येत असे, आणि रोग्याचे बोलणे व छातीचे ठोके ज्यास नीट ऐकू येत नाहीत त्याने डॉक्टर कसे व्हावे! जिने पहाटेच्या अंधारात नुसते ऐकून पुराणे पाठ केली, तिलाच कानांच्या दोषामुळे एका विद्येचे दार बंद झाले.

या प्रसंगी आमच्यासारखी सामान्य माणसे घरी परतली असती. रमाबाई चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात राहिल्या, तेथे संस्कृत शिकवीत व आपण गणित, सृष्टिशास्त्र, इंग्रजी शिकत. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या. डॉक्टरीण होण्याचा आपला मनोरथ दुसऱ्या मराठी स्त्रीच्या ठायी पुरा झालेला त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिला. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेल्या बाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या, आणि त्या काळात त्यांनी बालोद्यान पद्धतीचे, म्हणजे किंडरगार्टनचे, शिक्षण घेतले.

ही पद्धत काय आहे हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पुढची सर्व गोष्ट तिच्यावर अवलंबून आहे. जर्मनीतील फ्रीड्रिख फ्रोबेल याने १८३७ साली लहान मुलांची पहिली शाळा काढली. तीन ते सहा वर्षांच्या मुलास पुस्तक देऊ नये, वस्तू द्यावी, असा त्याचा सिद्धांत होता. प्रथम लोकरीचे मऊ चेंडू; मग लाकडाचा गोळा, घन व दंडगोल. गोळा कसाही ठेवा, घरंगळतो; घन जेथे ठेवाल तेथे बसतो; दंडगोल उभा केला तर बसतो व आडवा केला तर घरंगळतो. शिक्षिकेने एक शब्द न बोलता मुलास हे ज्ञान हातांनी होते. त्यापुढे मणी ओवणे, कागदाच्या घड्या, रंगीत पट्ट्यांची चटई विणणे, मातीची चित्रे. आता पाहा, यात रंग सोडला तर असे काय आहे की जे अंध बालकास येणार नाही? ज्याला ऐकू येत नाही त्याला तर यातील एकही गोष्ट अडत नाही. रोम येथे मारिया माँटेसरी बाईंनी १९०७ साली बालगृह उघडले, त्यातील पुष्कळशी साधने मंदबुद्धी मुलांस शिकविताना सापडलेली होती हे प्रसिद्धच आहे. निरोगी मुलांसाठी शोधलेली साधने अधू मुलांस उपयोगी पडतात, आणि अधू मुलांसाठी शोधलेली निरोगी मुलांस.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीवर शारदा सदन उघडले, व पुढील वर्षी ते पुण्यास गेले. १८९३ साली तेथील मुलींच्या धर्मांतरावरून मोठा वाद माजला. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर सल्लागार मंडळातून निघाले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसे होती. तो येथे पुन्हा उकरून काढण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

आता आमच्या मुलुखाकडे येऊ. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. तत्पूर्वी तो भंडारा जिल्ह्यात, आणि इंग्रजी अमदानीत भंडाऱ्यासह मध्यप्रांतात मोडत असे. १८९६ साली मध्यप्रांतात पाऊस लवकर उघडला. धानाच्या प्रदेशात लोंबी भरण्याच्या वेळी बांधीत पाणी नसणे म्हणजे काय, हे येथील शेतकऱ्यांच्या मुलांस आम्ही सांगावयास नको. भयंकर दुष्काळ पडला. ही वार्ता ऐकताच रमाबाईंस स्वतःचे आईबाप आठवले असतील यात नवल नाही. त्या उठून मध्यप्रांतात आल्या, दुष्काळी छावण्या व गरीबखाने पाहिले, आणि १८९७ साली सुमारे तीनशे निराधार मुली व तरुण विधवा घेऊन गेल्या. पुण्याजवळ केडगाव येथे त्यांनी आधीच जमीन घेतली होती, विहिरी खणविल्या होत्या. तेथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० साली गुजरातेतही दुष्काळ पडल्यावर तेथील वस्ती दीड हजारांच्या घरात गेली.

एवढ्या जनसमुदायात सर्व वयांची व सर्व अवस्थांची माणसे होती. अगदी लहानांसाठी रमाबाईंनी बालोद्यानाचे वर्ग चालू केले. फिलाडेल्फियास शिकलेली विद्या धानाच्या शेतांतून आलेल्या पोरक्या मुलींच्या कामी आली. आणि या मुलींत काही अंध होत्या. आपल्या देशात अंधांच्या शाळा तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या; अमृतसर येथे ॲनी शार्प बाईंनी १८८७ साली व मुंबईस ॲना मिलार्ड बाईंनी १९०० साली त्या काढिल्या होत्या. आंधळ्याने गावे, भीक मागावी किंवा घरात बसून राहावे, अशीच सर्वसाधारण समजूत होती. रमाबाईंनी त्यांच्यासाठी निराळे घर काढिले व त्यास बार्तीमी सदन हे नाव दिले. बार्तीमय नावाच्या अंध भिकाऱ्याची कथा शुभवर्तमानात आहे, त्यावरून हे नाव पडले. मनोरमाबाई १९०० साली अमेरिकेहून परत आल्या. त्यांनी ब्रेल लिपी शिकून घेतली होती, व अंध मुलींस वाचावयास शिकविण्याचे काम त्यांनी आपल्याकडे घेतले.

ब्रेल लिपीत प्रत्येक अक्षरास सहा उठावदार ठिपक्यांची जागा असते, तीन डावीकडे व तीन उजवीकडे. त्यांपैकी कोणते ठिपके उमटले आहेत हे बोटाच्या टोकाने ओळखावयाचे. डोळसास हे सोपे वाटते. त्याने डोळे मिटून एकदा करून पाहावे! बोट आधी तयार असावे लागते, आणि ते तयार करण्याचे वय म्हणजे शाळेपूर्वीची तीनचार वर्षे. आमच्याकडील घरांत त्यास साधनांची वाण नाही. परातीत धान, लाखोळी व तूर एकत्र करून मुलापुढे ठेवावी, आणि नुसत्या स्पर्शाने तीन ढीग करण्यास सांगावे. कागदाची चटई विणलेला हात पुढे बांबूच्या टोपलीकडे सहज वळतो. मुक्तिसदनातील अंध स्त्रियाही वाचनाबरोबर टोपल्या विणण्यासारखी कामे शिकत.

येथे आमच्या अनुभवातील एक गोष्ट सांगणे भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक लहान मुलगा होता. हाक मारली तरी तो उत्तर देत नसे. आम्ही त्यास हट्टी समजून मागच्या ओळीत बसविले, आणि अर्धे वर्ष तो तेथे बसून राहिला. एके दिवशी त्याच्या पाठीमागे पितळेची थाळी घणकन पडली. सारा वर्ग दचकला, तो मात्र आपल्या पाटीवर रेघा ओढीत होता. तेव्हा आमच्या ध्यानात आले. ज्यास सर्वांत पुढे बसवावयाचे त्यास आम्ही सर्वांत मागे बसविले होते. रमाबाईंचे चरित्र आम्ही त्याच्याही आधी दोनदा वाचले होते. त्यातील कानांची हकीकत मात्र नजरेखालून तशीच निसटली होती.

रमाबाईंचा उत्तरकाळ संस्थेच्या कामात व पवित्र शास्त्राचे हिब्रू व ग्रीक भाषांतून सुबोध मराठीत भाषांतर करण्यात गेला. १९१९ साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. मनोरमाबाई संस्थेचा भार पुढे वाहतील अशी सर्वांची अपेक्षा होती; परंतु २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्या आईच्या आधी गेल्या. आईने काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचा अंत झाला, आणि त्यांचे भाषांतर १९२४ साली मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून बाहेर पडले. भारतातील सर्व भाषांसाठी एकच ब्रेल लिपी ठरली ती १९५१ साली. तोपर्यंत निरनिराळ्या शाळांतून निरनिराळे ठिपके चालत. केडगावची संस्था आजही चालू आहे, आणि तेथे अंधांस अद्याप आश्रय मिळतो.