रोह्याचे चिंतामणराव आणि दुर्गाबाई

डॉ. चिंतामणराव देशमुख म्हटलं की काय आठवतं? रोह्याचं कॉलेज, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नेहरूंचे अर्थमंत्री. म्हणजे एमपीएससीचा एका मार्काचा प्रश्न! त्यांची लव्हस्टोरी मात्र कुठल्याच गाइडमध्ये नसते.

लहानपण रोह्यात गेलेला हा मुलगा १९१२ च्या मॅट्रिकला पहिला आला, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यालाच मिळाली. पुढे केंब्रिज, आयसीएस. माणूस मोजकं बोलणारा, कडक शिस्तीचा. पहिली पत्नी रोझिना इंग्रज. त्या गेल्यावर ते एकटे होते.

१९५२ मध्ये नियोजन आयोगात एक नव्या सदस्य आल्या. दुर्गाबाई, राजमहेंद्रीच्या. आठव्या वर्षी घरच्यांनी लग्न लावून दिलेलं. कळायला लागल्यावर त्यांनी ते नाकारलं. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग, मग शिक्षण, वकिली, संविधान सभा. चौदा वर्षांच्या असताना काकीनाड्याच्या खादी प्रदर्शनात त्या दारावर स्वयंसेविका होत्या, तेव्हा तिकीट नाही म्हणून चक्क नेहरूंना अडवलं होतं. अशी बाई अर्थमंत्र्याला घाबरणार होय?

आणि गाठ त्यांच्याशीच होती. चिंतामणरावही आयोगाचे सदस्य, वर तिजोरी त्यांच्याकडे. दुर्गाबाईंना बायका-मुलांसाठी झटणाऱ्या संस्थांना पैसा हवा होता. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी चार कोटी ठेवले गेले. बैठका, फायली, आकडे. आपल्याला यात रोमान्स दिसणार नाही, पण या दोघांची जवळीक वाढली ती याच कामात.

२२ जानेवारी १९५३ ला त्यांनी लग्न केलं. ते ५७ वर्षांचे, त्या ४३ च्या. एक विधुर, एक पहिलं लग्न मोडून बाहेर पडलेली, आणि दोघंही सत्तेच्या ऐन मध्यावर. आजही चार लोकांनी भुवया उंचावल्या असत्या. साक्षीदारांत कोण? नेहरू!

लग्नानंतर दुर्गाबाई घरी बसल्या नाहीत. त्याच वर्षी त्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणरावांनी मंत्रिपद सोडलं. १९७५ मध्ये दोघांनाही पद्मविभूषण मिळालं.

दुर्गाबाईंच्या आठवणींच्या पुस्तकाचं नाव आहे ‘चिंतामण अँड आय’. स्वतःच्या पुस्तकात आधी त्याचं नाव! मला तरी हेच त्यांचं प्रेमपत्र वाटतं.

मे १९८१ मध्ये त्या गेल्या. पुढच्या वर्षी २ ऑक्टोबरला, हैदराबादेत, चिंतामणराव.